मागचे दोन्ही जंपर

माणसानं पैसे देऊन रस्ता सोडावा, ही अक्कल माझ्या नातवाच्या पिढीला आली. आम्ही माहेरच्या गावापर्यंत डांबर यावं म्हणून अर्ज करकरून म्हाताऱ्या झालो, आणि ही पोरं रविवारी सकाळी चांगल्या डांबरावरून गाडी मुद्दाम चिखलात घालतात. ती तिथं रुतली की टाळ्या वाजवतात. दुसऱ्या गाडीनं ओढून बाहेर काढली की पुन्हा टाळ्या. याला ऑफ-रोडिंग म्हणतात. माझा नातू बावीस वर्षांचा आहे, एम्ब्रॉयडरीच्या मशीनसाठी कम्प्युटरवर डिझाइन काढतो, आणि सुरतेच्या उधन्यात आमच्या बिल्डिंगखाली त्याची जुनी फोर-व्हील जीप उभी असते. तिचा वायपर चालत नाही. दिवे मात्र अकरा आहेत.

गेल्या हिवाळ्यात या जीपला मागचे नवे स्प्रिंग आणि शॉकअप घालायचं ठरलं आणि त्यात मला तोंड घालावं लागलं. कारण या वेळी गाडी चिखलात खेळायला जाणार नव्हती. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला आणायला जाणार होती.

आक्का नवापूरच्या पुढं, साक्रीच्या पश्चिमेला डोंगरात एकटी राहते. तिच्या एका डोळ्यानं कधीच राजीनामा दिला आणि दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलाय. मध्यंतरी खुंटीवर टांगलेल्या सदऱ्याला तिनं "या, बसा" म्हटलं, आणि तो बसेना म्हणून त्याच्यावर चिडली. फोनवर हे सांगताना ती हसत होती. मला हसू आलं नाही. मी इकडं सुरतेत डोळ्यांच्या दवाखान्यात तिच्या ऑपरेशनची तारीख घेतली. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता चालढकल केलीत तर हाही डोळा हातचा जाईल.

आता प्रश्न एवढाच उरला की तिला खाली आणायचं कसं. तिच्या घरापर्यंतचे शेवटचे तीन किलोमीटर म्हणजे नाल्याचं पात्र आहे, नुसते गोटे. साधी गाडी तिथं पोट घासून बसते. मोटरसायकलवर आक्काला बसता येत नाही. जीपच लागते. आणि जीपचं नाव काढलं की आक्का फोनवर एकच वाक्य बोलते:

"तुनी गाडीमा मी बसनार नही. मनं माकडहाड एकच शे."

ते एकच माकडहाड चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्याच जीपच्या मागच्या बाकावर मोडलं. आमच्या सगळ्या गोतावळ्यात असं मानलं जातं की ते माझ्या नवऱ्याच्या चिकटपणामुळं मोडलं. ते आता नाहीत, त्यामुळं उलट बोलायचा प्रश्न नाही. होते तेव्हाही बोलले नव्हते. खरी गोष्ट अशी की ते माझ्यामुळं मोडलं. माझ्यामुळं आणि माझ्या झंपरामुळं.

तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांची होते. त्या बाईविषयी माझं मत अतिशय वाईट आहे. ती भेटली असती तर मी तिला चहासुद्धा विचारला नसता. खानदेशातून सुरतेला येऊन तिला जेमतेम दोन वर्षं झाली होती, चाळीतल्या एका खोलीत बसून ती साड्यांचे लोंबते धागे कापायची, आणि चालायची अशी की जणू सगळा साडीबाजार तिच्या कात्रीवर चालतो. आमच्या ह्यांनी तेव्हा लूमवरचं काम सोडून एक जुनी जीप घेतली होती. लग्नसराईत, सणावाराला आपल्याकडची माणसं गावी न्यायची आणि परत आणायची, हा धंदा.

जीपमध्ये मागं दहा माणसं कोंबली की ती मागून खाली बसायची. सगळ्यांच्या जीपा बसायच्या. पण चाळीतली एक बाई नळावर म्हणाली, "तुझ्या नवऱ्याची जीप निघाली की म्हैस बसायला लागल्यासारखी दिसते गं." झालं. बाकीच्या हसल्या आणि आमच्या राणीसाहेबांची इज्जत जमिनीला टेकली. रात्रंदिवस एकच भुणभुण, मागून उंच करा, मागून उंच करा.

शेवटी हे म्हणाले, "उद्या कमानवाल्याकडं जातो." कमान म्हणजे मागचे पाटे, लोखंडी पट्ट्या एकावर एक रचून बांधलेल्या. उधन्यातच एक गुजराती मिस्त्री ते काम करायचा. ह्यांना एकट्यानंच जायचं होतं. पण मी म्हटलं, मी येणार, तुम्हाला कोणीही बनवतं. असं म्हणणाऱ्या बाईला स्वतःला काय काय कळत होतं त्याची यादी करायला बसलं तर धागा कापणं एवढं एकच निघालं असतं.

मी नटून गेले. अंजिरी साडी, त्यावर झंपर. आमच्याकडं ब्लाउजला तेव्हा झंपर म्हणायचे, कोणी जंपर म्हणायचे. तो मी स्वतः शिवला होता. शिवण मला येत नव्हतं, हे मला आतून माहीत होतं, पण मी ते कोणाला कळू दिलं नव्हतं. पाठीवरची शिवण वाकडी होती आणि वेणीचं तेल लागून तिथं कायम एक डाग पडलेला असायचा, म्हणून मी पदर पाठीवरून ओढून घेई.

मिस्त्री भला माणूस होता. तो जीपखाली शिरला, बाहेर आला, उभा राहिला, हात पुसले. मी त्याच्या समोर, त्याच्याच चहाचा पेला हातात. हे जीपच्या पुढच्या बाजूला, बॉनेट उघडून. मिस्त्री माझ्याकडं बघून अगदी गंभीरपणे म्हणाला:

"भाभी, पाछळना बेउ जंपर गया छे."

मागचे दोन्ही जंपर गेलेत. गुजराती मला इतपत कळायचं. माझा हात आपोआप पाठीवर गेला. एका बाईच्या अंगावर दोन झंपर कसे असतील, हा विचार शहाण्या बाईला सुचला असता. मला सुचलं ते एवढंच की शिवण उसवली, आणि हा मेला दोन ठिकाणी उसवलीय असं सांगतोय.

मी वळून पाठ जीपला लावली. मिस्त्रीला वाटलं, भाभीला कळलं नाही. तो आणखी समजावून म्हणाला, "तेल पण नीकळी गयुं छे."

तेलाचा डागसुद्धा दिसला म्हणजे!

"काढीने बतावुं?" मिस्त्रीनं विचारलं. काढून दाखवू का?

पुढचं मी सगळं लिहीत नाही, नातसुना वाचतील. हातातला चहाचा पेला मी त्याच्या अंगावर फेकला हे खरं. शेजारच्या दोन दुकानांतली माणसं बाहेर आली हेही खरं. मी मराठीत आणि अहिराणीत मिळून त्याच्या खानदानाचा समाचार घेत होते, आणि तो बिचारा हातात पाना घेऊन "पण भाभी, गाडीना, गाडीना" असं म्हणत मागं मागं सरत होता. हे बॉनेटमागून आले, त्यांनी काय झालं ते ऐकलं आणि जमिनीवर बसले. हसून. बोलता येईना त्यांना. डोळे पुसून झाल्यावर म्हणाले, "अगं, गाडीचा जंपर. इथं शॉकअपला जंपर म्हणतात. ती चाकाजवळची नळकांडी. तिच्यातलं तेल गळलंय."

इथं कोणतीही माणसातली बाई हसली असती. माफी मागितली असती, दुसरा चहा मागवला असता, आणि गोष्ट तिथं संपली असती. आमच्या राणीसाहेब हसल्या नाहीत. दोन दुकानांतली माणसं हसत होती ना, मग हिनं कसं हसायचं? हिनं फर्मान काढलं. "तो शब्द या दुकानात पुन्हा निघाला तर मी माहेरी जाईन. जंपर-बिंपर काही बदलायचं नाही. पाटे वाढवा. सगळ्यांत जाड असतील ते."

मिस्त्रीनं तरी प्रयत्न केला. शब्द उच्चारायची बंदी, म्हणून त्यानं हातांनी दाखवलं. हा तळहात म्हणजे पाटा. वजन आलं, दबला. वजन गेलं, वर आला. पण वर आला तो थांबेल कसा? त्याला धरून ठेवायला हवं ना कोणीतरी? आणि धरून ठेवणाऱ्याचं नाव घेता येईना म्हणून तो ह्यांच्याकडं बघायचा. हे माझ्याकडं बघायचे. मी छताकडं बघत होते.

दोन जाड पाटे वाढवले. मेलेले जंपर तसेच राहिले. जीप मागून अशी उंच झाली की कोंबड्यानं शेपटी उभारावी. मी चाळीत शिरताना नळाकडं बघून घेतलं. नळावर कोणीच नव्हतं.

त्याच आठवड्यात आक्काला तिच्या घरी सोडायचं होतं. चार दिवस माझ्याकडं राहायला आली होती. त्या दिवशी दुसरी माणसं नव्हती. मी पुढं, ह्यांच्या शेजारी, काच खाली करून, सगळ्यांना दिसेन अशी. मागच्या लांब बाकावर एकटी आक्का. दहा माणसांचं वजन उचलायला घातलेले पाटे, आणि वर बसलेली शेवग्याच्या शेंगेसारखी एक बाई. नाल्यात शिरलो. पहिल्या गोट्यावर जीप उडाली ती गोट्यामुळं. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा उडाली ती तिच्या स्वतःच्या हौसेनं, कारण तिला धरणारं खाली कोणी नव्हतं. आक्का वर गेली, डोकं हूडच्या नळीला लागलं, आणि खाली आली ती बाकाच्या लोखंडी काठावर. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. घरापाशी उतरवायला गेलो तर उतरता येईना.

दोन महिने ती कुशीवर झोपून होती. तेव्हापासून ती सरळ बसत नाही. लग्नात, पंगतीत, देवळात, एका बाजूला कलून बसते, जणू शेजारणीच्या कानात काहीतरी सांगतेय. कोणी विचारलं की सांगतेच, हिच्या जीपचा प्रसाद. आणि लोक माझ्याकडं बघतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पटकन म्हटलं, "मी ह्यांना किती सांगितलं जंपर बदला म्हणून. पण ह्यांचा हात कुठं सुटतो?"

हे समोरच्या पंगतीत होते. त्यांनी ऐकलं. माझ्याकडं एकदा बघितलं आणि आमटीचा भुरका मारला. पुढं तीस वर्षं ही गोष्ट त्यांच्या नावावर चालली. आक्का तोंडावर म्हणायची, "भावजी, तुमचं कंजूषपण माझ्या हाडात शिरलंय हो." हे हसायचे. घरी येऊन मला एका शब्दानं काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर भांडता आलं असतं.

तर आता नातू.

नातवानं मागचे पाटे आणि शॉकअप निवडले ते फोनवर, त्याच्या चिखलवाल्या मित्रांच्या ग्रुपमध्ये विचारून. मला दाखवले. "मोठी माय, देख. दोन इंच लिफ्ट. हेवी लोडचा पाटा. गॅसवाले शॉकअप, लाल."

"लाल कशाला?"

"दिखता है ना."

"चाकाच्या आत कोणाला दिसणार?"

"मागून जो गाडी घेऊन येतो त्याला दिसतो."

मी कपाळावर हात मारला. पण जोरात नाही, कारण उत्तर ओळखीचं होतं. चाळीस वर्षांपूर्वीची ती नळाकडं बघणारी बाई माझ्या नातवाच्या तोंडून बोलत होती. रक्त असं कुठं कुठं फिरून येतं.

"हे हेवी लोड म्हणजे कोणासाठी?" मी विचारलं.

"ज्याच्या गाडीला मागं लोखंडी बंपर असतो, वर तंबू असतो, पाण्याचे कॅन, तेलाचे कॅन..."

"तुझ्या गाडीला आहे यातलं काही?"

"आगे करूंगा ना."

पुढं कधीतरी तंबू घेणार म्हणून आज पाटे घातले. घालून आणले आणि आठ दिवसांवर दवाखान्याची तारीख. मी म्हटलं, चल, मला मागं बसवून फिरव. आक्काच्या जागी शेजारी तांदळाचं अर्धं पोतं ठेव, तिचं वजन तेवढंच असेल. भेस्तानच्या बाजूला गेलो. साधा गतिरोधक, त्यावरून रिक्षावाले फोनवर बोलत जातात. आमची जीप त्यावर चढली, आणि पोतं उठून माझ्या मांडीवर येऊन बसलं.

नातवानं आरशात बघितलं. मी पोत्याच्या वरून त्याच्याकडं बघितलं.

"नया है ना, स्प्रिंग बैठेगी. थोडा टाइम लागतो."

"स्प्रिंग बसेपर्यंत आक्का उठेल का रे?"

त्यानं मुकाट गाडी कडेला घेतली. तेवढा बरा आहे. त्याच्या वयात मी बोलले असते.

तेव्हा मी त्याला म्हटलं, गाडी उधन्याला घे, एक दुकान आहे. ते दुकान माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. पण त्या दिवसापासून मी त्या गल्लीत पाय टाकला नव्हता. भाजी आणायला चाळीस वर्षं लांबच्या रस्त्यानं जात होते. ही आमची ताठ मान.

दुकानात मिस्त्रीचा मुलगा होता, त्याचेही केस पांढरे झालेले. मला बघून उठला, स्टूल पुसून दिलं, चहा मागवला, "आवो बा" म्हणाला. नातवानं लिफ्ट, गॅस, इंच असं सगळं सांगितलं. यानं ते ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पाछळ कोण बेसवानुं?"

मागं कोण बसणार? फोनवरच्या त्या ग्रुपमध्ये शंभर जण होते, टायर विचारला, रंग विचारला, हे कोणी विचारलं नव्हतं.

"माझी थोरली बहीण," मी म्हटलं. "हलकी आहे. माकडहाड मोडलेली. आणि मी. तीन किलोमीटर नाल्यातून."

तो जीपखाली गेला, बाहेर आला, उभा राहिला, हात पुसले. मला सगळं पुन्हा दिसलं. तो म्हणाला, "बा, पाटा आ गाडी माटे नथी. अने शॉकअप..." पाटे या गाडीसाठी नाहीत, एवढं म्हणून थांबला. गालात हसला. "बा, तमे मराठी छो ने?"

"हो. का?"

"मारा बापानो नियम हतो. मराठी बेन आवे तो पेलो शब्द नई बोलवानो. शॉकअप ज बोलवानुं." मराठी बाईपुढं तो शब्द काढायचा नाही, शॉकअपच म्हणायचं. आणि मग त्यानं ती गोष्ट सांगितली. माझी. एका मराठी भाभीनं चहा कसा फेकला, बापाच्या सदऱ्यावर डाग कसा राहिला, आणि नंतर त्या दुकानात जो कोणी कामाला लागेल त्याला पहिल्या दिवशी हा धडा कसा मिळायचा. नातू पोट धरून हसत होता. "मोठी माय, कोण असेल गं ती पागल बाई?"

मी दोघांनाही थोडं हसू दिलं.

"जंपर म्हण," मी मिस्त्रीला सांगितलं. "बिनधास्त म्हण. आता माझा झंपर शिंपी शिवतो."

नातवाचं हसणं निम्म्यावर थांबलं. मिस्त्रीनं आधी माझ्याकडं, मग चहाच्या पेल्याकडं बघितलं आणि पेला जरा बाजूला सरकवला.

मग त्यानं काम शिकवल्यासारखं केलं. आधी आम्हाला वजनकाट्यावर पाठवलं. गाडीची फक्त मागची चाकं काट्यावर, आणि वर मी, तांदूळ, आक्काची ट्रंक म्हणून माझी ट्रंक. आमच्या सूनबाईलाही बरोबर यायचं होतं, पण काट्यावर चढायचं म्हटल्यावर तिला अचानक घरी काम आठवलं. आकडा आणला तेव्हा मिस्त्री म्हणाला, एवढ्या वजनाला गाडीचे मूळचे पाटे भरपूर झाले. नातवानं ते काढून मोडीत द्यायला ठेवले होते. ते आणले. एक मोडका पाटा बदलला, बाकीचे सुटे करून गंज खरवडला, मधे ग्रीस भरलं. गंजलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, सगळे मिळून एक लाकूड होतात, हे त्यानं मला हातांनी दाखवलं. अगदी बापासारखे हात.

जंपर निवडताना त्यानं टेप घेतला. चाक पूर्ण वर दाबलं की किती अंतर उरतं, चाक लोंबतं सोडलं की किती होतं. त्या दोन्हींच्या मधे जो मावतो तो जंपर. नातवाचे लाल दोन इंच उंच गाडीसाठी होते. गाडी खाली आल्यावर ते मोठ्या गोट्यावर पुरते दबून ठोकरले असते, आणि तो दणका सरळ बाकावर. नातू हळूच म्हणाला, "पण गॅस चांगला असतो." मिस्त्री म्हणाला, "गॅस खराब नथी, भाई. तारी बा माटे नथी." शेवटी साधे तेलाचे काळे जंपर बसले. कोणालाही न दिसणारे. आणि नाल्याआधी टायरची हवा थोडी कमी कर, असं सांगितलं.

निघताना मी विचारलं, "बापा कसे आहेत?"

"घेर छे. कान गया."

"मग ओरडून सांग. भाभीनं मागचे दोन्ही जंपर बदलले."

आक्काच्या घरी पोचलो तेव्हा ती दारात भिंतीला टेकून, अर्थात कलून, उभी होती. जीपच्या आवाजाकडं तोंड केलं, चाचपत आली, आणि गाडीच्या मागच्या बाजूला दोन्ही हात ठेवून सगळा भार टाकला. गाडी खाली गेली, वर आली, थांबली. तिनं पुन्हा दाबली. पुन्हा तसंच. चाळीस वर्षं हाडाची आठवण ठेवणाऱ्या बाईला कोणी शिकवावं लागत नाही.

"जंपर नवा शेतस ना?" तिनं नातवाला विचारलं. "का तूबी तुना आजावर गया? चिकट?"

नातू माझ्याकडं बघायला लागला. त्याला दुकानातली गोष्ट कळली होती, पण ती गोष्ट आणि हे हाड यांचा धागा त्याच्या हातात नव्हता. तो मीच कापून ठेवला होता. धागे कापणं तेवढं येत होतं ना मला. त्याचा आजोबा चिकट, हे पोरगं लहानपणापासून ऐकत आलं होतं.

"आक्का," मी म्हटलं, "हे चिकट नव्हते."

आणि तिथंच, अंगणात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नळावरची बाई, अंजिरी साडी, दोन्ही जंपर, तेलाचा डाग, काढून दाखवू का. पुढं माझं फर्मान. पुढं पंगतीतलं खोटं. मधे कुठं थांबले नाही, थांबले असते तर काहीतरी सारवासारव केली असती.

आक्काच्या पोटातून एक आवाज आला. मला वाटलं रडतेय. ती "काढून दाखवू का"वर अडकली होती. एवढी हसली की एका हातानं भिंत आणि दुसऱ्यानं माकडहाड धरावं लागलं.

शांत झाल्यावर म्हणाली, "म्हणजे भावजींना दिलेल्या शिव्या आता परत घ्याव्या लागतील का गं?"

"राहू दे. त्यांना दुसऱ्या कारणांसाठी लागतील."

"मग तुझ्यासाठी नव्या काढाव्या लागतील." हसू गेलं. "आणि तू सांगतेस म्हणून मी बसायचं? तेव्हाही तूच निवडले होतेस."

मी मागच्या बाकावर थाप मारली. "तेव्हा मी पुढं बसले होते," मी म्हटलं. "आज मागं बसते. आधी मी चढते."

मी चढले. माझ्या वयाच्या बाईला जीपमध्ये मागून चढताना कोणी बघू नये, पण आक्काला कुठं दिसत होतं. मी बसल्यावर तिनं बाकाच्या काठावरून हात फिरवला. लोखंड शोधत होती. मग हात वर केला, आणि नातवानं तिला उचलून माझ्या शेजारी ठेवलं.

नाल्यात गाडी शिरली तेव्हा तिनं माझं मनगट धरलं, हाड दुखेल इतकं. पहिला गोटा आला. गाडी खाली गेली, वर आली, थांबली. दुसरा. तिसरा. गाडी झुलत होती, उडत नव्हती. नातू पुढं श्वास रोखून चालवत होता, एकही दिवा न लावता. मी आक्काच्या अंगावर पूर्ण झुकले होते, उडालीच तर दाबून ठेवायला.

"नाला सरना का?" बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

"मागं गेला."

तिनं मनगट सोडलं. मग कोपरानं मला ढोसलं. "सरकी बस ना बाई. तूच कलेल शे."

खरंच. ती दोन्ही बाजूंनी टेकून सरळ बसली होती, आणि कलले होते मी.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा तिच्यासमोर मीच होते. तिनं मला वरून खाली नीट बघितलं, अगदी सावकाश, जणू विकत घ्यायची आहे. सुरकुत्या बघितल्या, पांढरे केस बघितले. मी पाणी आणायला वळले.

"ए," मागून आवाज आला, "तुनं झंपर मांगून उसवेल शे."

माझा हात पाठीवर गेला.